राजघराण्यातलं लग्न मोडायला दर वेळी दुष्ट काकीच का लागते? (ऐतिहासिक फँटसी प्रेमकथा वाचणाऱ्यांसाठी)

माचीवरची (सातारा)

मोबाइलवर कथांच्या अ‍ॅपवर सध्या मराठीत ऐतिहासिक फँटसी रोमान्सचा पूर आलाय आणि मी त्या आवडीने वाचते हे आधीच सांगते, कारण मला नावं ठेवायला धागा काढायचा नाहीये. कल्पित राज्य, दोन वैरी घराणी, तहाची अट म्हणून ठरलेलं लग्न, आधी राग मग हळूहळू जीव जडणं, हे सगळं मला मनापासून आवडतं. पण लग्न आठ दिवसांवर आलं की सगळ्या कथांत एकच होतं. राजाची काकी नाहीतर सावत्र आई केशराच्या दुधात विष घालते, दासी ते चुकून पिते, नायक भर दरबारात काकीला पकडतो, काकी अंधारकोठडीत आणि लग्न थाटात. काकीनं हे का केलं? तर सत्तेची हाव. बास. पुढे एक ओळ नाही.

माझं म्हणणं असं की कारस्थान करणाऱ्याचं त्या लग्नामुळे खरंच काहीतरी बुडत असलं पाहिजे, आणि वाचताना क्षणभर तरी वाटलं पाहिजे की अरे ही बोलतेय ते बरोबर आहे. नाहीतर नायक-नायिकेच्या प्रेमाची परीक्षाच होत नाही, नुसता एक गुन्हा पकडला जातो.

आपल्या साताऱ्याचंच घ्या. शाहू महाराज १७४९ च्या डिसेंबरात गेले, औरस वारस नाही. त्यांच्या काकी ताराबाईंनी रामराजा हा आपला नातू म्हणून पुढे आणला आणि तो गादीवर बसला. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १७५० मध्ये, चंपाषष्ठीच्या निमित्ताने त्याला किल्ल्यावर बोलावून घेतलं आणि तिथंच कैद केलं! मग म्हणाल्या हा माझा नातूच नाही. बाईंचं वय तेव्हा पंचाहत्तरीच्या घरात. आता ही बाई कथेत आली असती तर लेखकानं तिला डोळ्यात भरपूर काजळ घालून हसवलं असतं. पण तिच्या जागी उभं राहून बघा, औरंगजेबाशी जिनं राज्य लढवलं, नंतर जिला पन्हाळ्यावर सवतीनं कैदेत टाकलं, जिच्या डोळ्यासमोर सगळा कारभार साताऱ्याहून पुण्याला चाललाय, आणि जो राजा तिनं बसवला तो पेशव्याच्या म्हणण्यात गेला. ती चूक की बरोबर यावर इतिहासवाले भांडोत, पण "सत्तेची हाव" या दोन शब्दांत ती मावत नाही एवढं नक्की.

म्हणून मला वाटतं लेखकानं आधी एक प्रश्न लिहून काढावा: हे लग्न झालं तर कोणाचं काय जातं? राजा अजून लहान म्हणून कारभार बघणारा कारभारी असेल तर त्याचा शिक्का जातो. दत्तकासाठी ज्यांनी आपला पोरगा तयार ठेवलाय त्यांचा पोरगा परत गावाला जातो. लग्नाचा खर्च काढायला ज्या सावकाराकडे परगणा गहाण पडणार त्या परगण्यातल्या लोकांचं काय? हे सगळे लग्नाच्या विरोधात असणार आणि यातला कुणीच राक्षस नाही. तुम्हाला काय वाटतं?

कृष्णाकाठ_सांगली

ताई, एकदम उलट मत आहे माझं. प्रेमकथा वाचणारा माणूस दमूनभागून रात्री मोबाइल हातात घेतो त्याला त्या दोघांचं लग्न लागलेलं बघायचंय, परगणा गहाण पडला का सोडवला ह्याच्याशी त्याला काय देणंघेणं हो.

आणि हे आत्ताचं खूळ नाही. आमच्या सांगलीत १८४३ साली संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या सांगण्यावरून विष्णुदास भाव्यांनी सीता स्वयंवर केलं, मराठी रंगभूमीची सुरुवातच तिथून धरतात, ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन त्याचाच. म्हणजे आपलं पहिलं नाटक हे राजघराण्यातलं लग्न! आणि त्यात अडथळा काय, तर एक धनुष्य. शेवट काय होणार हे राजवाड्यात बसलेल्या प्रत्येकाला पाठ. त्या धर्तीच्या नाटकात राक्षस यायचे ते अलल्लडुर्र करून आरडाओरडा करत नाचत यायचे, त्यांना कुणी विचारलं नाही बाबा तुझी बाजू काय. लोकांना त्यातच मजा यायची. वाईट माणूस सरळ वाईट असला की वाचणाऱ्याला मोकळेपणाने चिडता येतं, आणि रोमान्समध्ये ते लागतंच. प्रत्येक व्हिलनला रडकी गोष्ट दिली तर नायिकेवर जीव लावायला जागा उरत नाही, मी अशा दोन-तीन कथा अर्ध्यात सोडल्यात, शेवटी मला काकीचाच पुळका आला आणि ते दोघं नकोसे झाले.

फलटणचा_पाव्हणा

मला माचीवरची ताईंचं पटतंय पण त्यांनी विष सोडून दुसरं काय हे सांगितलंच नाही म्हणून लिहितो.

आमच्या फलटणचं उदाहरण. बजाजी निंबाळकर विजापूरकडे असताना मुसलमान झाले होते, त्यांना परत धर्मात घेतलं, पण घेतलं म्हणजे काय, लोक मानतील तेव्हा खरं. मग शिवाजी महाराजांनी आपली लेक सखुबाई त्यांच्या मुलाला, महादजीला दिली. झालं, आता कोण बोलणार? त्या एका सोयरिकीनं जे झालं ते शंभर पत्रांनी झालं नसतं. आता ह्याच्यावर कल्पित कथा रचायची म्हटलं तर कारस्थान कुठं होईल सांगा? दुधात नाही. पंगतीत होईल. मानाच्या चार घराण्यांनी ठरवायचं की लग्नाला यायचं, आहेर द्यायचा, पण पानावर बसायचं नाही. तेवढ्यानं लग्न लागूनही फुकट. कुणी मेलं नाही, कुणाला पकडता येत नाही, नायकाच्या तलवारीचा उपयोग शून्य. आणि नायिका मांडवात बसून बघतेय की पानं वाढलीयत आणि माणसं उभी आहेत. विषापेक्षा मला तर ह्याचीच जास्त भीती वाटेल.

आपल्याकडं आजबी लग्नात कोण रुसून जेवला नाही ह्यावर पंधरा वर्षं बोलणं बंद असतं की, वाचकाला समजावून सांगायला लागत नाही.

मिरजेची_वाचक

मला दोन्ही बाजू पटल्या नाहीत आणि थोडा रागही आलाय, स्पष्ट लिहिते.

खरा इतिहास आणा, सोयरिकीचं राजकारण आणा म्हणताय, मग वय पण आणा. शिवाजी महाराज आणि सईबाईंचं लग्न १६४० सालचं, म्हणजे महाराज दहा वर्षांचे, नवरी त्याहून लहान. राजेरजवाड्यांत काय आणि गावात काय, लग्नं मुलांचीच व्हायची. कायद्यानं मुलीचं लग्नाचं वय चौदा ठरवायला १९२९ चा शारदा कायदा यावा लागला. या कथांमधली तेवीस वर्षांची, घोड्यावर बसणारी, नायकाला उलट उत्तर देणारी राजकन्या त्या काळात कुठून आली? तिचं दहा वर्षांपूर्वीच लग्न होऊन गेलं असतं. तेव्हा "तहाची अट म्हणून लग्न" हे आपण गोड करून वाचतोय, त्यात मुलीला कुणी विचारलेलं नाही हे विसरून. माझ्या मते अशा कथेत लग्न वाचवणं हा शेवट असूच नये. कारस्थानानं लग्न मोडलं आणि ती सुटली, असं का नाही लिहीत कुणी? काकीनं तिच्यावर उपकारच केले असं का नाही?

माचीवरची (सातारा)

मिरजेची, वयाचा मुद्दा शंभर टक्के मान्य आणि म्हणूनच मला फँटसी हवी आहे. कल्पित राज्य असल्यावर नायिकेचं वय चोवीस ठेवता येतं, तिला नाही म्हणायचा हक्क देता येतो. वय आपल्या काळाचं घ्या, डावपेच तेव्हाचे घ्या. माझा आग्रह सनावळ्यांचा नाहीच, माणसं ज्या कारणांसाठी भांडायची ती कारणं खरी असावीत एवढाच आहे. शाहू महाराजांची लग्नं तर मोगलांच्या छावणीत कैदेत असताना झाली, मुली सिंदखेडचे जाधव आणि कण्हेरखेडचे शिंदे यांच्याकडच्या, आणि ती लावून देणारा औरंगजेब, ज्यानं त्यांच्या वडिलांना मारलं. त्या मांडवात बसलेल्या प्रत्येकाच्या मनात काय चाललं असेल? यापुढे जादूची अंगठी नी शापित तलवार मला फिकी वाटते.

कृष्णाकाठ दादा, काकीचा पुळका आला म्हणून कथा सोडलीत, पण मग तो लेखकाचा दोष की त्या दोघांना त्यानं काही करायलाच दिलं नाही? काकीची बाजू खरी असेल तर नायिकेला तिच्यापेक्षा मोठं काहीतरी करावं लागेल. नुसतं खरं प्रेम आहे म्हणून जिंकली, हे मला पुरत नाही.

कृष्णाकाठ_सांगली

पुरत नाही तुम्हाला. बाकीच्यांना पुरतं. औरंगजेबाच्या छावणीतलं लग्न वाचून माझ्या अंगावर काटा आला हे खरं पण ती प्रेमकथा झाली नाही ना ताई, ती शोकांतिका झाली, प्रेमकथेच्या पाटीखाली ती दिली तर वाचकाला फसवल्यासारखं होतं. फलटणच्या पाव्हण्यांची पंगत मात्र झकास आहे, ती घ्या, कारण तिथं वाचक लगेच त्या मुलीच्या बाजूनं उभा राहतो. बघा म्हणजे माझंच म्हणणं, बाजू एकच पाहिजे.

वाचनालयातली (सातारा)

सगळे बोलताय पण रुक्मिणी कुणालाच आठवली नाही याचं आश्चर्य वाटतं. आमच्या घरी आजीनं आत्याला, आत्यानं मला एकनाथांचं रुक्मिणी स्वयंवर वाचायला लावलं, लग्न ठरावं म्हणून. घरोघरी मुली वाचायच्या.

त्यात काय आहे बघा. कौंडिण्यपूरचा राजा भीमक, थोरला मुलगा रुक्मी. रुक्मीनं बहिणीचं लग्न शिशुपालाशी ठरवलं, वऱ्हाड आलं, नगर सजलं. म्हणजे दरबारानं ठरवलेलं रीतसर लग्न ते. आणि ते मोडायचं कारस्थान कोण करतं? नवरी! ती ब्राह्मणाच्या हाती गुपचूप कृष्णाला पत्र पाठवते, कुठं यायचं ते पण कळवते, की लग्नाआधी देवीच्या दर्शनाला गावाबाहेर नेतात तेव्हा मला घेऊन जा. पळून जायचा मार्ग, वेळ, निरोप्या, सगळं तिनं ठरवलंय. आणि हे पुस्तक आपल्या आज्यांनी मुलींच्या हातात दिलं, चांगला नवरा मिळावा म्हणून!

तेव्हा मिरजेची म्हणते ते लिहीत नाही कुणी असं नाही, फार आधी लिहून झालंय. आणि माचीवरची, तुझ्या यादीत कारभारी, सावकार, दत्तकवाले सगळे आले, नवरी कुठंय? लग्नामुळे सगळ्यात जास्त तिचं काहीतरी जातं. तिला कारस्थान करू दे. डोकं लावू दे तिला. काकीशी तिची गाठ पडली तर दोघी एकमेकींना ओळखतील असं लिही.

फलटणचा_पाव्हणा

हे लई भारी. म्हणजे काकी आणि नवरी दोघींना लग्न मोडायचंय पण कारणं वेगळी, आणि मधल्या काळात नवरीचा जीव नवऱ्यावर बसला तर? आता तिनंच लावलेला सुरुंग तिलाच काढायचाय आणि काकी काढू देईना.

एक सामान देतो वापरायला. तेव्हा मुहूर्त घटिकापात्रावर बघायचे, पाण्याच्या भांड्यात बुडाला बारीक भोक असलेली वाटी सोडायची, ती भरून बुडाली की एक घटिका, म्हणजे चोवीस मिनिटं. जोशी तिथं डोळे लावून बसलेला. त्या भोकात कुणी मेण लावलं तर वाटी बुडायचीच नाही आणि मुहूर्त टळेल. शंभर पहारेकरी दरवाजावर ठेवा, इकडे मेणाच्या एका कणानं काम झालं. मेण नवरीनं आधी स्वतःच लावलेलं असेल आणि आता अंतरपाटामागं हातात हार धरून उभी असताना तिला ते काढता येत नाही. घ्या.

मिरजेची_वाचक

रुक्मिणीचा मुद्दा आवडला, पण फरक बघा. रुक्मिणी पत्र लिहिते कारण तिला कोण हवा हे तिला आधीपासून माहीत आहे. तुमच्या कथेत तिचा जीव ज्याच्यावर बसतो तो दरबारानंच ठरवलेला नवरा. म्हणजे फिरून तेच, घरच्यांनी ठरवलं ते बरोबरच होतं, पोरीला उशिरा कळलं. मेणाची कल्पना कितीही सुंदर असली तरी हा शेवट मला मान्य नाही. मेण तिथंच राहू दे. मुहूर्त टळू दे, लग्न मोडू दे, वऱ्हाड परत जाऊ दे. मग सहा महिन्यांनी त्यानं एकट्यानं यावं, तह नाही, घराणं नाही, आणि तिला विचारावं. तेव्हा ती हो म्हणाली तर मी त्याला प्रेमकथा म्हणेन.

कृष्णाकाठ_सांगली

सहा महिने थांबायला वाचक तयार नाही हो. आणि वऱ्हाड परत गेलं म्हणजे तह मोडला, तह मोडला म्हणजे लढाई, मग तुमच्या नायिकेच्या हो-नाहीसाठी सीमेवर किती जणांची घरं बसली ते पण लिहायला लागेल.

माचीवरची (सातारा)

दादा, लिहायलाच पाहिजे ते. काकी नवरीला हेच सांगेल, मेण लावायच्या आधी, की तुझ्या एका नकारानं कुठल्या कुठल्या गावात काय होणार आहे. मुलगी ते ऐकेल आणि तरीही ठरवेल. काय ठरवेल ते मला अजून कळत नाही, मिरजेचीचा शेवट मला पटतोय पण पाव्हण्यांची पंगत सोडवत नाही, लग्न मोडलं तर पंगतच होणार नाही. ज्यांना दोन्ही एकत्र बसवता येतंय असं वाटतं त्यांनी खाली लिहा, आणि काकीला मारून टाकू नका.