इंग्रजी साहित्याच्या असाइनमेंटला मदत करताना लेखणी कोणाच्या हातात असावी?

संत्रानगरीकर (चर्चेचा मुद्दा)

नागपुरात बी.ए.च्या मुलांना मी घरीच इंग्रजी साहित्य शिकवतो. सेमिस्टर संपत आले की शिकायला येणाऱ्यांपेक्षा ‘सर, एवढे लिहून द्या’ म्हणणारेच जास्त येतात. माझे मत असे की, मदत वाचनात करावी, वाक्यात करू नये.

मागच्या आठवड्यात एका विद्यार्थिनीने कीट्सच्या ‘टु ऑटम’ या कवितेवरची फाइल दाखवली. पहिल्याच वाक्यात ऑटम हा मृत्यूचा आणि विरहाचा ऋतू असल्याचे सफाईदार इंग्रजीत लिहिलेले होते. ‘कवितेतले एखादे फळ सांग,’ असे म्हटल्यावर मात्र ती गप्प झाली. कविता तिने वाचलेलीच नव्हती. मजकूर झेरॉक्सच्या दुकानातल्या तयार फाइलीतून उतरवलेला होता. 1819 च्या सप्टेंबरात विंचेस्टरजवळच्या शेतांतून फिरून आल्यावर कीट्सने ही कविता लिहिली. तिच्या तीन कडव्यांपैकी पहिले सगळे पिकण्याचे, भरण्याचे आणि ओथंबण्याचे आहे. पण शब्दकोशात ऑटमपुढे ‘शरद’ लिहिलेले, गाईडमध्ये ‘पानगळ’. आपल्याकडे शरद म्हणजे कोजागिरी आणि ऑक्टोबरचे ऊन, आणि पानगळ पाहायची तर फाल्गुनापर्यंत थांबावे लागते. या गोंधळात मुलांच्या हाती आयते दुःख तेवढे लागते.

तिची घरची संत्र्याची बाग काटोलकडे आहे. आंबिया बहाराची फळे भरू लागली की तुम्ही झाडाला काय करता, असे विचारल्यावर ती लगेच म्हणाली, ‘बांबूचे टेके देतो, नाहीतर फांदी मोडते.’ मग मी तिला कवितेतली सफरचंदाच्या झाडांची ओळ दाखवली. तिने ती दोनदा वाचली आणि वहीत स्वतःचे वाक्य लिहिले: ‘द ट्री इज टायर्ड बट हॅपी, बिकॉज फ्रूट इज मच.’ ते मी दुरुस्त केले नाही.

पहिल्या पिढीचा पदवीधर

सर, आपले शिकवणे उत्तम आहे. आक्षेप शेवटच्या वाक्याला आहे. ‘फ्रूट इज मच’ तसेच ठेवण्यात आपल्याला जो निरागसपणा दिसतो, त्याभोवती परीक्षक लाल गोल करतो. तो गोल माझ्या वहीत तीन वर्षे होता. बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाला इतिहासाचा किंवा राज्यशास्त्राचा पेपर मराठीत लिहिता येतो, पण इंग्रजी साहित्याचा विचार कितीही खरा असला तरी तो इंग्रजीतूनच मांडावा लागतो. ज्याच्या घरी इंग्रजी बोलतात, त्याचे वाक्य जेवणाच्या टेबलावरच सुधारले जाते आणि त्याला कोणी फसवणूक म्हणत नाही. आमच्या वाक्याला हात लागला की मात्र नीतिमत्तेचा प्रश्न उभा राहतो, तो का?

अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठ 1994 पासून इंग्रजी लेखनाचे मार्गदर्शन इंटरनेटवर खुले ठेवते. तिथे वाक्यरचनेपासून विरामचिन्हांपर्यंत सगळे शिकवतात. वाक्याला हात लावणे म्हणजे पाप, असे कोणी मानत नाही.

लाल पेनवाली

मी या फाइली तपासते, म्हणून थोडे स्पष्ट लिहिते. मागे एका वर्गाच्या गठ्ठ्यात अकरा फाइलींचे पहिले वाक्य एकच होते. एकीत तर निम्म्या पानापासून कीट्सचा येट्स झाला होता आणि शेवटपर्यंत येट्सच राहिला. 2022 च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आल्यापासून अशा ढोबळ खुणाही कमी झाल्या आहेत. आता प्रत्येक फाइल वेगळी, पण सगळ्या सारख्याच गुळगुळीत. विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2018 चे वाङ्मयचौर्यविषयक नियम साम्याची टक्केवारी मोजतात, आणि यंत्राने नव्याने लिहून दिलेल्या मजकुरात साम्य सापडेलच असे नाही.

‘फ्रूट इज मच’वर मी गोल करीन, हे खरे आहे. पण समासात ‘हे कुठून सुचले?’ असेही लिहीन आणि गुण त्या अकरा फाइलींपेक्षा जास्त देईन. सगळेच तपासणारे असे करतात, असा माझा दावा नाही.

पूर्वीचा लेखनिक

कोणाला राग येईल, तरी सांगतो. विद्यार्थी असताना मी पैसे घेऊन इतरांच्या असाइनमेंट लिहून दिल्या आहेत. इंटर्नलच्या गुणांसाठी फाइल जमा करायची, वर सही घ्यायची आणि पुढच्या वर्षी ती रद्दीत जायची. जे कोणी वाचतच नाही, ते स्वतः लिहिण्याचा आग्रह मुलांनाच कशासाठी? लाल पेनवाली समासात प्रश्न लिहितात, हे मी प्रथमच ऐकतो आहे. त्या धंद्यात एक गंमत मात्र झाली. एकच कविता सहा जणांसाठी सहा प्रकारे लिहावी लागल्यामुळे ती मला पक्की समजली. फी त्यांनी भरली आणि शिकलो मी.

संत्रानगरीकर

लेखनिकांच्या शेवटच्या वाक्याने माझी बाजू माझ्यापेक्षा चांगली मांडली आहे. त्यांना ते अभिप्रेत नसावे. फाइली न वाचल्या जाण्याबद्दलची त्यांची तक्रार रास्त आहे, पण ती तपासणाऱ्यांकडे जायला हवी.

पदवीधरांचा आक्षेप मात्र मला लागला. वाक्याला हात न लावणे ही माझ्यासाठी तत्त्वाची गोष्ट होती, पण त्या विद्यार्थिनीसाठी तो गुणांचा प्रश्न होता, आणि तिला मी तसेच सोडून दिले. म्हणून काल ती आल्यावर तिचे वाक्य तिलाच मोठ्याने वाचायला लावले. ‘मच’पाशी ती स्वतःच अडखळली. मोजता येणाऱ्या आणि न येणाऱ्या वस्तूंना इंग्रजीत वेगळे शब्द लागतात, एवढे मी सांगितले आणि पेन तिच्याकडेच ठेवले. तिने ‘मच’ खोडून ‘मेनी’ लिहिले, तेही खोडले आणि बऱ्याच वेळाने ‘द फ्रूट इज हेवी’ असे लिहिले. त्यानंतर, झाडाला ‘टायर्ड’ म्हणणे परीक्षेत चालेल का, अशी शंका मीच काढली. तो शब्द तिने बदलू दिला नाही.