‘दोघं उपरी’ की ‘दोघे उपरे’?

सांजवात: गोष्ट लिहितेय आणि एका शब्दावर अडलेय. मी नववीत, बाबांच्या दारूपायी आई आम्हाला घेऊन मामाकडे राहायला आलेली, सांगलीकडचं गाव. मळ्याच्या कडेला बीडच्या ऊसतोडीवाल्यांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, पडल्या होत्या, त्यातला एक मुलगा संध्याकाळी वाढ्याच्या (उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या) पेंढ्या विकायला गोठ्यावर यायचा. मी पैसे द्यायचे, तो दोनदा मोजायचा, तेवढंच थांबणं. एकदा त्याचा तळवा पाचटाने चिरलेला दिसला, मी वाटीत खोबरेल नेऊन दिलं. आता लिहिलंय, ‘आम्ही दोघं त्या गावात उपरी होतो.’ मैत्रिणीने ‘दोघे उपरे’ केलं. बरोबर काय?

पुस्तककिडा: मुलगा-मुलगी एकत्र आले की नपुंसकलिंगी, ‘पोरं शहाणी’ तसं ‘दोघं उपरी’. ठेवा तेच. शिवाय शब्द जुना आहे, पेशवाईत पिढीजात हक्काचा तो मिरासदार आणि बाहेरून येऊन कसणारा तो उपरी, इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनच्या १८२१ मध्ये छापलेल्या अहवालातपण ही जोडी आहे.

कोल्हापुरी: मला वाटतं उपरणं जसं ‘उपरि’वरनं तसंच उपरा, म्हणजे वरनं येऊन पडलेला. पण आमच्यात बोलताना उपरा कोण म्हणतंय, भायरचं म्हणतात. कारखाना आपल्या क्षेत्राबाहेरच्या उसाला गेटकेन म्हणतो ना, शाळेत परगावच्या पोरांना आम्ही तेच म्हणायचो.

शुद्धलेखनी: गेटकेन कशाला? ‘परका’ हा चांगला मराठी शब्द असताना?

कोल्हापुरी: परकं म्हणजे दुसऱ्याचं, त्याला कुठंतरी घर असतं. उपऱ्याला तेपण नसतं.

माजलगावकर: मी कोपीतच वाढलो. आम्हाला तिथं ना उपरा म्हणायचे ना परका, ‘टोळीतलं पोरगं’ म्हणायचे, नाव कुणी विचारायचं नाही. तुमच्या गोष्टीला खरा शब्द कोयता आहे ताई. नवराबायको मिळून एक कोयता, एकटा माणूस अर्धा, आणि टोळी आणणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती कोयत्यावर. म्हणून १८-२१ चा कायदा असूनपण आमच्याकडं पोरांची लग्नं आधीच उरकतात, आईबापाची उचल फिटत नसली की जास्तच. त्या मुलाचं काय झालं पुढं?

सांजवात: दिवाळीनंतर टोळी परत आली त्यात तो होता, बरोबर बायको, माझ्याच वयाची. मोळी डोक्यावर घेऊन ती फळीवरून ट्रकवर चढायची. मामा मुकादमाला म्हणाला, यंदा एक कोयता वाढला वाटतं. मला वाटलं हत्याराबद्दल बोलतोय. त्या वर्षी वाढं घ्यायला मी गेलेच नाही.

शुद्धलेखनी: वाईट वाटलं वाचून. तरी ‘परकी’ लिहून बघा, व्याकरणात तेही बसतं.

पुस्तककिडा: ती मुलगी गोष्टीत घेणार असाल तर ‘तिघं’ करा. ‘उपरी’ तसंच राहील.

कोल्हापुरी: मी अजून ‘भायरची’वरच आहे.