युद्धबंदी : झाली की सुटले?

प्रश्न : रेडिओवरच्या एका चर्चेचं ध्वनिमुद्रण ऐकून शब्दशः उतरवून काढतोय. विषय कोरियन युद्ध. सूत्रसंचालक म्हणतात, "आता युद्धबंदीच्या प्रश्नाकडे वळू." मी उपमथळा देऊन मोकळा झालो, 'लढाई थांबवण्याचे प्रयत्न'. पाहुणे मात्र पुढची पाच मिनिटं कैद्यांबद्दल बोलतात! दोन्ही अर्थ रूढ आहेत, की बोलणाऱ्याची चूक?

उत्तर : चूक नाही. शब्द दोन आहेत, वेष तेवढा एक. लढाई थांबते ती युद्धबंदी स्त्रीलिंगी. संचारबंदी, दारूबंदी, जमावबंदीच्या पंगतीतली. पकडला जातो तो युद्धबंदी पुल्लिंगी. बंदिवान, बंदिवास यांचा भाऊबंद. क्रियापद आलं की उलगडतं : युद्धबंदी झाली, युद्धबंदी सुटले. घोळ होतो तो विभक्ती लागल्यावर. 'युद्धबंदीचा', 'युद्धबंदीवरून' ही रूपं दोघांचीही. कैद्यांचं अनेकवचन करा, 'युद्धबंद्यांचा प्रश्न' म्हणा, की सुटलात.

– सुटलात कसले? स्त्रीलिंगी शब्दाचंही अनेकवचन 'युद्धबंद्यांचा'च होतं. एकाच युद्धात चार वेळा लढाई थांबली तर काय म्हणणार?

– अहो, तेवढं चालायचंच. खरी अडचण कानाची आहे. छापलेलं वाक्य माणूस परत वाचतो, रेडिओवर ते गेलं की गेलं. त्यात कोरियाचं उदाहरण म्हणजे कहरच. बोलणी सुरू झाली जुलै १९५१ मध्ये आणि पानमुनजोमला सह्या झाल्या २७ जुलै १९५३ रोजी. एवढा वेळ लागण्याचं मोठं कारण कैदीच. १९४९ चा जिनिव्हा करार सांगतो की प्रत्यक्ष लढाई थांबल्यावर कैद्यांना विनाविलंब सोडून मायदेशी पाठवावं. इथे हजारो चिनी आणि उत्तर कोरियन कैदी परत जायलाच तयार नव्हते. थोडक्यात, युद्धबंदींमुळे युद्धबंदी अडली. हे वाक्य माइकसमोर म्हणून बघा!

– म्हणून मी कैद्याला सरळ 'युद्धकैदी' म्हणतो आणि लढाई थांबण्याला 'शस्त्रसंधी'.

– युद्धकैदी मान्य. शस्त्रसंधीबद्दल मात्र कुरकुर आहे. त्यातली 'संधी' संस्कृतातली, तहाच्या अर्थाची. आपल्या कानाला संधी म्हणजे चालून आलेला मोका. 'शस्त्रसंधी साधली' असं कुणी बोलून गेला तर शस्त्र चालवायची संधी साधली असं वाटायचं. शिवाय तह ही पुढची पायरी. पहिल्या महायुद्धात ११ नोव्हेंबर १९१८ ला तोफा थांबल्या, व्हर्सायच्या तहावर सह्या झाल्या २८ जून १९१९ ला. कोरियात तर तह झालेलाच नाही. मला 'युद्धविराम' बरा वाटतो. विराम म्हटलं की स्वल्प का पूर्ण, ही शंका त्यातच येते, आणि ती यायलाच हवी.

प्रश्नकर्ता : आभार. पाहुण्यांचा शब्द तर बदलता येणार नाही, म्हणून चौकटी कंसात 'कैदी' घालतो आणि उपमथळा खोडतो. आता चाळिसाव्या मिनिटावर अडलोय. शेवटचा स्वर खरखरीत बुडालाय. 'युद्धबंदी मोडली' म्हणाले, की 'मोडले'?