ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल घरी बदलावे का?

लातूरकर
नमस्कार मंडळी. माझ्याकडे सहा गिअरची, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) असलेली डिझेल ऑटोमॅटिक गाडी आहे. ती जुनी घेतलेली असून आता ९० हजार किलोमीटर झाले आहेत. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे रांगत जाताना आणि मांजरसुंबा घाट चढताना, दुसऱ्यावरून तिसरा गिअर पडतेवेळी हलका झटका जाणवतो. सर्व्हिस सेंटरमध्ये चौकशी केली असता ‘हे ऑइल गाडीच्या आयुष्यभरासाठी असते’ असे उत्तर मिळाले; बाहेरच्या एका गॅरेजवाल्याने मात्र मशीनने संपूर्ण फ्लशिंग, म्हणजे सगळे जुने ऑइल काढून नवे भरून घेण्याचा आग्रह धरला. इंजिन ऑइल मी घरीच बदलतो. या गिअरबॉक्सला डिपस्टिक (ऑइलची पातळी पाहायची पट्टी) नाही. हे काम घरी जमेल का?

गोदाकाठ, नांदेड
जमेल, परंतु इंजिन ऑइलपेक्षा याला अधिक शिस्त लागते. या गिअरबॉक्समध्ये ऑइल केवळ वंगणाचे काम करत नाही. इंजिनची ताकद कन्व्हर्टरमधून तेच पुढे नेते, क्लच दाबण्यासाठी लागणारा दाबही तेच पोहोचवते आणि उष्णताही तेच वाहून नेते. ट्रॉलीमागे रांगणे आणि घाट चढणे या दोन्ही प्रसंगी कन्व्हर्टरमध्ये ऑइल घुसळले जाऊन तापते, आणि तापलेले ऑइल लवकर खराब होते. ‘आयुष्यभर’ या शब्दावर माझा विश्वास नाही, कारण कठीण वापरासाठी ऑइल लवकर बदलावे, असे अनेक गाड्यांच्या पुस्तिकांतच लिहिलेले असते.

ऑइल पुस्तिकेत लिहिलेल्या प्रतीचेच घ्यावे. लाल रंगावर जाऊ नका. टोयोटाचे जुने टी-४ आणि नंतरचे डब्ल्यूएस ही दोन्ही ऑइले लाल असली, तरी डब्ल्यूएस पातळ असते आणि एकाच्या जागी दुसरे चालत नाही.

खालचा ड्रेन नट खोलण्याआधी ऑइल भरण्याचा नट सुटतो की नाही, हे पाहून घ्या. तो गंजून अडकलेला असेल आणि खालून ऑइल सांडून बसलात, तर गाडी जागेवरून हलवता येणार नाही. निघालेले ऑइल मापाच्या भांड्यात मोजा आणि तेवढेच नवे भरा. एका वेळी साधारण तिसरा हिस्सा ते निम्मेच ऑइल बाहेर येते, कारण उरलेले कन्व्हर्टरमध्ये आणि ऑइल थंड करणाऱ्या कूलरमध्ये राहते. म्हणून काही शे किलोमीटर गाडी चालवून हेच पुन्हा करावे.

खरी परीक्षा पातळीची आहे. डिपस्टिक नसलेल्या बहुतेक गिअरबॉक्सना पातळी तपासण्याचा वेगळा नट असतो. इंजिन चालू ठेवून, ब्रेक दाबून, गिअरचा दांडा प्रत्येक स्थितीत काही सेकंद थांबवत फिरवावा, पुन्हा ‘पी’मध्ये (पार्क) आणावा आणि मग तो नट खोलावा. ऑइलची बारीक धार येऊन थेंबांवर थांबली, तर पातळी योग्य समजावी. काहीच आले नाही, तर थोडे आणखी भरावे. त्या वेळी ऑइलचे तापमान पुस्तिकेतील मर्यादेत हवे. अनेक गिअरबॉक्सना ती सुमारे ३५ ते ४५ अंश असते, म्हणून ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकाला जोडून तापमान दाखवणारे यंत्र) जवळ ठेवा. आपल्याकडे मे महिन्यात दुपारची हवाच ४२ अंशांच्या पुढे जाते. अशा वेळी फुगलेले ऑइल नटातून जास्त सांडते आणि गाडी थंड झाल्यावर पातळी कमी भरते. गाडी रात्रभर उभी ठेवून पहाटे कामाला लागणे उत्तम.

ट्रॅक्टरवाला, परभणी
वरील माहितीत एक भर. पातळी तपासताना गाडी चारही बाजूंनी समतल हवी. पुढची चाके उचलून केलेली तपासणी व्यर्थ आहे. ट्रॅक्टर दुरुस्तीच्या शेडमध्ये खड्डा असेल, तर तेथेच हे काम करा. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका, स्टँड लावा.

ड्रेन नटाचे वॉशर नवे टाका. चेंबर (गिअरबॉक्सखालचे ऑइलचे भांडे) उघडलेत, तर त्यातील चुंबक पाहा. बोटाला लागणारा राखाडी, मऊ लेप ही नेहमीची झीज आहे. टोचणारे कण किंवा तुकडे असतील, तर आतला भाग खराब झाला आहे आणि ऑइल बदलून तो सुधारणार नाही.

फ्लशिंगबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. कूलरच्या नळीला जोडून, गिअरबॉक्सच्या स्वतःच्या पंपावर ऑइल बदलणारे मशीन वाईट नाही. बाहेरून दाब देऊन धुण्याला मात्र माझा विरोध आहे. ऑइल काळपट आणि जळका वास येणारे निघाले, तर दोन्ही टाळून आधी जाणत्याला दाखवा.

लातूरकर
आभारी आहे. धाकट्या भावाच्या गाडीत एएमटी आहे. उरलेले ऑइल तिला चालेल काय?

गोदाकाठ, नांदेड
मुळीच नाही. एएमटीचा गिअरबॉक्स साधाच असतो, फक्त क्लच आणि गिअर यंत्र हलवते; तिला तिचे नेमून दिलेले गिअर ऑइलच हवे. सीव्हीटीची (गिअरऐवजी पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिकची) बाब तर आणखी नाजूक आहे, कारण चुकीच्या ऑइलने तिचा पट्टा घसरतो.

ट्रॅक्टरवाला, परभणी
काढलेले ऑइल नालीत किंवा बांधावर ओतू नका, आपल्या विहिरींना आधीच पाणी कमी. लाकडाला लावायला म्हणून शेजारी मागतील, तरी डबा बंद करून जुने ऑइल जमा करणाऱ्या गॅरेजमध्येच द्या.