विषारी सिद्धच झालं नाही तरी केमिकलवर लेबल कशाला? (पीएमटी / व्हीपीव्हीएम)

निळी_शाई:
युरोपीय संघाच्या केमिकल लेबलच्या नियमांत २०२३ मध्ये पीएमटी आणि व्हीपीव्हीएम असे दोन नवे प्रकार घातलेत. पहिला कळतो, टिकतं, पाण्याबरोबर पळतं आणि विषारी आहे. पण दुसऱ्यात विषारी हा शब्दच नाही! नुसतं फार टिकाऊ आणि फार पळणारं असलं की बसला शिक्का. मग मीठपण बसेल की त्यात. गुन्हा सिद्ध व्हायच्या आधीच शिक्षा वाटते मला ही. आणि पाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटात फिल्टर असतातच ना?

जुना_केमिस्ट:
मिठाचं आधी मिटवून टाकतो, हे निकष सेंद्रिय पदार्थांनाच लागू आहेत, त्यामुळे मीठ सुटलं :)

आता मुद्द्याचं. मी शिकत असताना सरांनी काचेच्या उभ्या नळीत माती भरून वरून दोन रंग ओतायला लावले होते, एक मेथिलीन ब्लू आणि एक तो हिरवा चमकणारा फ्लुरोसिन. वरून पाणी सोडत बसायचं. निळा वरच्या बोटभर मातीत जो चिकटला तो हलायलाच तयार नाही, आणि हिरवा मात्र थोड्याच वेळात खालच्या बीकरमध्ये टपटप. म्हणजे पाणी तेच आणि मातीही तीच, फरक फक्त चिकटण्याचा. जुने नियम डीडीटी, पीसीबी असली मातीला आणि चरबीला चिकटणारी, माशांत साठणारी केमिकलं डोळ्यासमोर ठेवून केलेले, त्यामुळे न चिकटणाऱ्यांकडे कोणी फारसं बघितलंच नाही, उलट शरीरात साठत नाही म्हणून ती बरी समजली गेली. आणि तीच तर सरळ भूजलात उतरतात.

आकडे हवेत तर, माती किंवा गाळातल्या सेंद्रिय कार्बनला किती चिकटतं त्याचं माप म्हणजे लॉग केओसी, तो ३ पेक्षा कमी असला की मोबाइल, म्हणजे पाण्याबरोबर पळणारं, २ पेक्षा कमी असला की व्हेरी मोबाइल. गोड्या पाण्यात अर्धं व्हायला ४० दिवसांपेक्षा जास्त लागले तर टिकाऊ, ६० पेक्षा जास्त तर फार टिकाऊ.

कोरडा_नळ:
फिल्टरबद्दल. अहो, ॲक्टिव्हेटेड कार्बन पण चिकटण्यावरच चालतो!! जे मातीला चिकटलं नाही ते बहुतेक वेळा कार्बनलाही नीट चिकटत नाही. पीएफएएस म्हणजे फ्लोरिनवाली, सहज न तुटणारी केमिकलं, त्यांतल्या लांब साखळ्या बऱ्यापैकी अडकतात, आखूड लवकर सुटतात, आणि टीएफए (ट्रायफ्लुरोॲसेटिक ॲसिड) म्हणजे सगळ्यात आखूड, ते जवळजवळ सरळ पार. आरओ अडवतं, पण अडवलेलं जातं कुठे? रिजेक्टच्या पाण्यात, आणि ते बऱ्याचदा परत नदीतच. म्हणजे कचरा शेजाऱ्याच्या दारात ढकलल्यासारखं.

जुना_केमिस्ट:
+१. आणि गुन्हा सिद्ध होईपर्यंत थांबायचं म्हणाल तर ॲट्राझिन हे तणनाशक बघा. युरोपीय संघाने २००४ ला त्याची परवानगी काढली, तरी ते आणि त्याचे तुकडे भूजलात अजून सापडतात. विषारीपणा कळायला वीस वर्षं लागली तर तोवर गेलेलं पाण्यातून परत कसं काढणार? म्हणून व्हीपीव्हीएममध्ये टॉक्सिक नाही, विसरून राहिलेलं नाही ते.

निळी_शाई:
बरं, हे पटतंय. पण मग लेबल म्हणजे बंदी का?

जुना_केमिस्ट:
नाही, आणि इथे मीही थोडा नाराज आहे. लेबलवर फक्त लिहायचं की याने पाण्याचे साठे दीर्घकाळ आणि दूरवर दूषित होऊ शकतात. नवीन पदार्थांना हे १ मे २०२५ पासून लागू झालं, आधीपासून बाजारात असलेल्यांना १ नोव्हेंबर २०२६ ची मुदत, मिश्रणांच्या तारखा वेगळ्या. बंदी, परवाना हे सगळं रीच या वेगळ्या कायद्याखाली. लेबलचा खरा उपयोग कंपनीच्या आत होतो, पर्याय निवडताना. पीएफओए हे पीएफएएस बदलून त्याच्या जागी जेनएक्स हे दुसरं आणलं तेव्हा असा निकष हाताशी असता तर निदान कोणीतरी विचारलं असतं की हे पाण्यात किती पळेल. २०१९ ला तेही अतिचिंतेच्या पदार्थांच्या यादीत गेलंच.

कोरडा_नळ:
आणि लेबल डब्यावर असतं हो. फ्रिज-एसीतला गॅस हवेत तुटून किंवा कीटकनाशक शेतात तुटून जे टीएफए तयार होतं त्याला कुठला डबा?

निळी_शाई:
हा प्रश्न मला सुचला नव्हता. म्हणजे मूळ पदार्थाची चाचणी करताना त्याचे तुकडेही धरतात का?

जुना_केमिस्ट:
धरायचे असतात, नियमात तसं आहे. पण तुकडा कुठला, किती टक्के होतो, हे मोजायला वेळ आणि पैसा लागतो, आणि कंपन्या वाद घालतात ते नेमका तिथेच.