मदत हवी आहे : दहावीतला मुलगा आणि घरी अंथरुणाला खिळलेले वडील

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत दहावीची वर्गशिक्षिका आहे. वर्गातल्या एका मुलासाठी विचारतेय. ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळलेत.

दिवाळीनंतर त्याच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू पूर्ण गेली. आई पहाटे मजुरीला जाते, त्यावरच घर चालतं. धाकटी बहीण तिसरीत. त्यामुळे वडिलांचं सगळं हाच बघतो. अंग पुसणं, लघवीची पिशवी रिकामी करणं, पेज भरवणं. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. मग पहिल्या तासाला बाकावर डोकं टेकतो. मधल्या सुट्टीत घरी पळतो, तो बऱ्याचदा परत येतच नाही.

गावात सगळे त्याला श्रावणबाळ म्हणतात आणि आपापल्या कामाला लागतात. पंधरा वर्षांचं पोर मोठ्या माणसाला एकट्याने उचलतंय, त्याची कंबर दुखते, हे कुणाच्या लक्षात येत नाही. मदतीला कुणी येईल का म्हटलं, तर म्हणाला, "बाई, पप्पांना दुसऱ्या कुणाकडून करून घ्यायची लाज वाटते."

हजेरी 75 टक्क्यांच्या खाली गेली आहे. काहींचं म्हणणं, यंदा राहू दे, पुढच्या वर्षी 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसव. मला ते अजिबात पटत नाही. शाळा सुटली तर त्याला मित्रांमध्ये बसायला जागाच उरणार नाही.

सरकारी मदत कुठून मिळेल? बाल कल्याण समितीकडे जावं, तर आईला भीती वाटते की पोरांना बालगृहात नेतील.

प्रतिसाद

ताई, ती भीती आधी काढून टाका. 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार मुलाला संस्थेत ठेवणं हा अगदी शेवटचा उपाय आहे. जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात बालसंगोपन योजनेचं विचारा. पालक गंभीर आजारी असतील तरी अर्ज करता येतो. मूल घरीच राहतं आणि त्याच्यासाठी दरमहा 2,250 रुपये मिळतात. बहिणीचाही अर्ज करा. वडिलांसाठी सिव्हिलमधून दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढा आणि तहसीलमध्ये संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज द्या. काही अडलं तर 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा, तो चोवीस तास चालू असतो.

कंबरेचं मात्र आजच बघा. त्याला वडिलांना उचलू देऊ नका. चादर चौपदरी करून खांद्यापासून मांड्यांपर्यंत अंगाखाली घालायची, दोन्ही बाजूंनी दोघांनी धरायची आणि सरकवायचं. सरकारी दवाखान्यातले फिजिओथेरपिस्ट हे करून दाखवतील. दुसरा माणूस म्हणून वडिलांचा एखादा जुना मित्र चालेल का, हे वडिलांनाच विचारा. पोराला मध्ये घालू नका.

धागाकर्ती

खूप आभार. वडिलांना थेट विचारावं हे सुचलंच नव्हतं. त्यांना बोलता येत नाही, पण मान हलवून हो-नाही सांगतात. रविवारी आमच्या सरांना घेऊन जाते. हजेरीतली तूट माफ करण्यासाठी मुख्याध्यापकांमार्फत बोर्डाकडे अर्ज केलेलं कुणी आहे का इथे? पालकाच्या आजारपणाचे कागद जोडले तर चालतात का? परीक्षा तोंडावर आली आहे, लवकर कळवा.