गावालगतच्या 22 एकरात प्लॉटिंग येतंय, ओढ्याचं काय करणार?

नदीकाठचा
आमचं गाव मिरज तालुक्याच्या पश्चिम भागात, कृष्णेकाठी. नाव मुद्दाम लिहीत नाही, ओळखणारे ओळखतीलच. वेशीबाहेर ओढ्याला लागून सलग 22 एकर काळं रान आहे, नऊ खातेदारांचं. गेल्या महिन्यात तिथं बोर्ड लागला, बंगलो प्लॉट, डांबरी रस्ते, बाग, मंदिर सगळं चित्रात. आता मुरमाचे डंपर सुरू झालेत. त्या रानात माझा एक गुंठासुद्धा नाही हे आधीच सांगतो, नंतर कोण उकरून काढायला नको. माझं म्हणणं एवढंच की 2005, 2019, 2021 तिन्ही पुरात पाणी गावात समोरून नदीकडनं नाही शिरलं, ओढ्यातनं उलटं फिरून आलं आणि आधी ह्याच रानात पसरलं. 2019 ला सांगलीच्या आयर्विन पुलाला 57 फुटाच्या वर पाणी गेलं तेव्हा इथला ऊस शेंड्यापर्यंत बुडालेला. आता तिथं चार फूट भराव टाकला तर ते पाणी जाणार कुठं? खालच्या आळीतच ना? ग्रामसभेत विरोध करायचा का, बोला.

बांधावरचा
नऊ खातेदारातला मी एक. बरं झालं विषय काढला, पारावर पाठीमागं बोलण्यापेक्षा हितं बरं. माझं दोन एकर आहे त्यात. अर्ध्यावर पांढरं मीठ फुटलंय, बाकीच्यात एकरी 30 टन निघाला तर नशीब. टनाला 3200 धरा, ऊस तुटायला सव्वा वर्ष, त्यातनं लागण, खत, पाणीपट्टी, मशागत वजा करा आणि सांगा मला काय राहतं. पोरगं पुण्याला कंपनीत आहे, त्याला रान नको. गुंठ्याला 3 लाख देतोय बिल्डर, म्हणजे एकरी 1 कोटी 20. तुम्ही द्या की, तुम्हालाच देतो. पूर आला तेव्हा माझा ऊस कुजला, तेव्हा कोण आलं होतं विचारायला? माझं रान गावासाठी बुडायला ठेवलंय काय?

कोपऱ्यावरचं_दुकान
एकदम बरोबर. गावात वर्गात पोरं नाहीत, शाळा बंद पडायला आलीय, दुकानात गिऱ्हाईक नाही. दोनशे घरं आली तर गवंडी, प्लंबर, दूधवाला सगळ्यांना काम. आपल्याकडं काय नवीन आलं की आधी मोर्चा.

नदीकाठचा
@बांधावरचा आण्णा, विकू नका असं मी कुठं म्हटलंय? रान तुमचं, सही तुमची. प्रश्न भरावाचा आहे. आणि ग्रामसभेसाठी दर पंधरा ऑगस्टला कोण येतंय हे आपल्याला माहिताय, खरी परवानगी नगररचनाकडनं आणि तहसीलकडनं होते, ग्रामसभेच्या ठरावानं खाजगी जमिनीची बिगरशेती थांबत नाही. मग ठराव लिहायचा तर कशाचा लिहायचा तेवढं नीट ठरवूया.

सुट्टीला_येणारा
मी नगररचनाशी संबंधित काम करतो, दुसऱ्या जिल्ह्यात. भावकीतल्या भांडणात पडत नाही, दोन-तीन गोष्टी तेवढ्या. गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतलं रान असेल तर रहिवासासाठी वेगळी बिगरशेती परवानगी मागावी लागत नाही, ठरलेली रक्कम भरावी लागते. त्यापलीकडचं असेल तर प्रादेशिक योजनेत झोन काय आहे ते बघा. पण दोन्हीत पूररेषा सुटत नाही. 25 वर्षातनं एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, तिच्या आत बांधकाम नाही. 100 वर्षातनं एकदा येणाऱ्याची लाल, दोन्हीच्या मधे अटी घालून, जोतं लाल रेषेच्या वर घेऊन. पाटबंधारेकडं नकाशे आहेत, गट नंबर टाकून लेखी मागा. आणि 500 चौरस मीटरच्या वरच्या प्लॉटिंगला रेरा, म्हणजे घर-प्लॉट घेणाऱ्यांच्या संरक्षणाच्या कायद्याखाली, नोंदणी लागते, नंबर नसताना जाहिरातच करता येत नाही. बोर्डावर नंबर आहे का?

नदीकाठचा
नाही. सकाळी परत जाऊन बघितलं. फोन नंबर मात्र चार आहेत.

शिक्षक_कॉलनी
मी घेणाऱ्यांपैकी. सांगलीत भाड्यानं राहून 14 वर्षं झाली. गावभागाच्या बाजूला फ्लॅटचे भाव ऐकून डोळे पांढरे होतात. ह्या प्लॉटिंगात चौरस फुटाला 900 म्हणतायत, दीड गुंठा घेतला तरी 15 लाखाच्या आत बसतं. तुम्ही सगळे स्वतःच्या वाड्यात बसून आम्हाला परके म्हणता, आम्ही कुठं जायचं? मात्र पुराचं आज पहिल्यांदा ऐकतोय. तिथल्या माणसानं हा भाग पुरात येतच नाही असं सांगितलेलं.

बांधावरचा
सर, तेवढं खोटं आहे. पाणी येतं. मी विकतोय तरी सांगतो.

पाणीसंस्थेचा_सभासद
एक मुद्दा कुणीच घेतला नाही. आपल्या पाणीपुरवठा संस्थेची मेन लाइन त्याच रानातनं जाते. 22 एकर कमी झालं की मोटारीचं वीजबिल, पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याचा पगार, कर्जाचा हप्ता राहिलेल्या सभासदांवर येणार, आणि रस्त्याखाली पाइप गेली की फुटल्यावर उकरायला कुणाच्या पाया पडायचं? माझं रान पलीकडं आहे. मी पैसे घेणार नाही, प्लॉट विकणार नाही, पण पाणीपट्टी माझीच वाढणार. कुणी धरलंय का हे हिशोबात?

माहेरवाशीण
आण्णा मला ओळखतील. त्या नऊ खात्यांपैकी एका खात्यात आम्ही तीन बहिणी होतो. वडील गेल्यावर साडी-चोळी करून हक्कसोड लिहून घेतलं, तेव्हा सांगितलं रान राखायचंय, घराण्याची काळी आई आहे, विकायची थोडीच आहे. मी सही केली. आता काळी आई गुंठ्याला 3 लाखाला गेली आणि आम्हाला जाहिरातीच्या बोर्डावरनं कळलं. पुराचं, ओढ्याचं तुम्ही बघा. मला फक्त हे लिहायचं होतं.

कोपऱ्यावरचं_दुकान
ताई हा घरचा विषय आहे, इथं कशाला.

माहेरवाशीण
घरातच काढला असता की, कुणी विचारलं असतं तर.

खालची_आळी
आमाला जमीनच न्हाई, त्यामुळं कोण ईकतंय कोण घेतंय आमाला काय देणं घेणं न्हाई. आमचं घर ओढ्याच्या कडंला. 2019 ला पत्र्यावर बसून रात काढली, पोरगी सा महिन्याची व्हती. 2021 ला परत. पाणी पहिल्यांदा उसात जायचं म्हणून आमाला सामान उचलायला तीन-चार तास घावायचे. ते तीन-चार तास आता न्हाईत, एवडंच. दुकानदारदादा, काम मिळंल म्हणताय, मिळंल की. भराव टाकायला आमच्यातलीच दोन पोरं जात्यात रोज. त्येंना काय सांगू?

बांधावरचा
हे मी कधी ह्या बाजूनं बघितलं नव्हतं, खरं सांगतो. पण मी एकट्यानं माघार घेऊन काय होणार, बाकी आठ जणांचं खरेदीखत झालंय. माझं नुसतं साठेखत, म्हणजे विक्रीचा करार झालाय, इसार घेतलाय, तो पोराच्या फ्लॅटला गेला. आणि भराव बिल्डर टाकतोय, मी नाही.

नदीकाठचा
आण्णा, पण ओढ्याकडचा गट तुमचाच आहे. खरेदीखत अजून व्हायचंय म्हणजे ओढ्यापासून किती अंतर सोडायचं ते त्यात लिहून घेता येईल. एवीतेवी त्याला 10 टक्के मोकळी जागा ठेवायलाच लागते, ती ओढ्याच्या कडेला ठेवायला सांगा, भराव न टाकता. बाग तिथं करू दे की. पुरात बुडाली तर बाग बुडेल.

सुट्टीला_येणारा
हे करता येतं. पण लेआउट मंजूर व्हायच्या आधी. नंतर नकाशा बदलायचा म्हणजे परत सगळी दारं. आणि सांडपाण्याचं विचारा, काळ्या रानात शोषखड्डा पाणी पित नाही, दोनशे घरांचं पाणी शेवटी ओढ्यातच येणार.

कोपऱ्यावरचं_दुकान
झालं, आता बागेत पण खोट काढा. तो बिल्डर जाईल पलूसला आणि बसा मग ऊस चघळत.

पाणीसंस्थेचा_सभासद
जाऊ दे. रस्त्याला लागून माळ पडलाय की एवढा, तिथं पूर कधी चढला नाही. तिथं का नाही प्लॉट पाडत? भाव जास्त म्हणून. ओढ्याकडचं बुडीत रान त्याला स्वस्तात मिळालं हे सरळ सांगा.

शिक्षक_कॉलनी
बुकिंगचे 50 हजार दिलेत मी. पावती साध्या कागदावर आहे. काय करू?

सुट्टीला_येणारा
सर, त्यांना रेरा नंबर आणि बिगरशेतीच्या कागदांची प्रत लेखी मागा, आणि ती मिळेपर्यंत पुढचा पैसा देऊ नका. पावतीचा फोटो काढून ठेवा.

बांधावरचा
@नदीकाठचा उद्या सकाळी मोकळा आहेस काय? ओढ्याकडं येऊन जा. 2019 चं पाणी विहिरीच्या कट्ट्यावर कुठवर आलेलं त्याची खूण मी तेव्हा रंगानं मारलीय, ती भरावाखाली जायच्या आत माप घेऊया. खालच्या आळीतलं पण कुणीतरी या. टेप माझ्याकडं आहे, शंभर फुटी.

खालची_आळी
येतो. सातच्या आत या, सातला डंपर लागत्यात.